जुनी वस्तू, नवी शोभा



आज आपण घराच्या शोभेविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "दहा बाय दहाची खोली, तीही भाड्याची. तिला कसली आली शोभा?" पण शोभेला मोठे घर लागत नाही. पैसाही फार लागत नाही. पारखी नजर मात्र लागते.

आपले वाकड पूर्वी शेतकऱ्यांचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेजारी हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या. उंच इमारती उठल्या. इमारतीतले बिऱ्हाड हलले की चांगल्या खुर्च्या, आरसे, कुंड्या भंगारात जातात. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून माल ठेवायच्या लाकडी चौकटी निघतात. त्यांना पॅलेट म्हणतात. त्यांतून मांडणी होते, बसायला बाक होतो.

जुने घेण्यात कमीपणा नाही, बरं का! आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीच ना? बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेतलेच ना?

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी उभ्या आयुष्यात जुन्या घरगुती वस्तू गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, दौती, वाड्यांचे कोरीव दरवाजे! लोकांना ज्याची अडगळ वाटे, त्यात त्यांना कला दिसे. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. १९७५ साली हा ठेवा त्यांनी सरकारला दिला. शुक्रवार पेठेतल्या त्या संग्रहालयाला त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलाचे, राजाचे, नाव आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य पाहून या.

पण जुनी वस्तू घरात आणण्याआधी नीट तपासा. घरात लेकरे असतात.

पहिली गोष्ट, पॅलेटवरचा ठसा वाचा. परदेशी मालाच्या पॅलेटवर इंग्रजी अक्षरे असतात. 'एच' म्हणजे दोन उभ्या रेघा, मध्ये एक आडवी. 'टी' म्हणजे उभ्या रेघेच्या डोक्यावर आडवी रेघ. ही जोडी असली, तर कीड मारायला ते लाकूड तापवलेले असते. 'एम' म्हणजे दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये वरून खाली उतरलेले टोक. 'बी' म्हणजे उभी रेघ आणि तिला दोन पोटे. ही जोडी दिसली, तर त्या लाकडाला विषारी वायू दिलेला असतो. ते घरात आणू नका, चुलीतही घालू नका. ठसा चांगला असला तरी तेलाचा डाग किंवा उग्र वास असलेले लाकूड नको.

दुसरी गोष्ट, रसायनाचे पिंप. ते कितीही धुतले तरी पिण्याचे पाणी त्यात भरू नका.

तिसरी गोष्ट, जुना रंग. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ सालापासून. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला की धूळ उडते. ती लेकरांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूला अपाय होतो. म्हणून रंगाचे पोपडे निघत असतील, तर ती वस्तू घेऊच नका.

चौथी गोष्ट, ढेकूण. खाट-खुर्चीचे सांधे उजेडात पाहा. उकळते पाणी ओता, कडक उन्हात वाळवा, मगच आत घ्या.

पाचवी गोष्ट, पावती. मोठी वस्तू घेताना चिठ्ठी मागा. तीवर दुकानाचे नाव, तारीख आणि रक्कम आहे ना, ते स्वतः वाचा. वस्तू चोरीची निघाली, तर ती चिठ्ठी तुमच्या कामी येईल.

जुने ते सोने, असे आपण म्हणतो. पण सोनेसुद्धा कसोटीवर घासून घेतात. तशी तुमची कसोटी म्हणजे तुमचे डोळे आणि तुम्ही शिकलेली अक्षरे. भंगाराच्या दुकानात दोन्ही घेऊन जा. मग ती दहा बाय दहाची खोलीही हसू लागेल.