अळीचा पतंग होतो तेव्हा



किडींच्या रूपांतरणावर बोलावे, असे मला सांगण्यात आले. पुस्तकात यासाठी फुलपाखराचे चित्र असते. मी मात्र आपल्या पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी घेणार आहे. साखरखेर्ड्याच्या शिवारात कापूस वेचणाऱ्यांना तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

टोळाचे पिल्लू अंड्यातून निघते तेच टोळासारखे. फक्त पंख नसतात. ते अपूर्ण रूपांतरण. बोंडअळीच्या मात्र अंडी, अळी, कोष व पतंग अशा चार अवस्था असतात आणि एकीचे रूप दुसरीशी जुळत नाही. हे पूर्ण रूपांतरण. मुंगी, मधमाशी, डास, भुंगे हे सारे याच वाटेचे.

मादी पतंग पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते, बोंडात शिरते आणि मागचे छिद्र बुजून जाते. साधारण दोन आठवडे ती आत सरकी खाते. मग बोंड पोखरून बाहेर येते व बहुधा जमिनीवर पालापाचोळ्यात कोषात जाते.

एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, कोषात अळी मरते का?" प्रश्न चांगला आहे. ती मरत नाही. तिचे बरेचसे स्नायू व आतडे विरघळतात. परंतु पंख, पाय, डोळे घडवणाऱ्या पेशींचे पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. ते आता वाढू लागतात. आठ-दहा दिवसांत पतंग बाहेर पडतो. तो बोंड खात नाही. जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे, एवढेच त्याचे काम.

२००२ साली बीटी कपाशी आली तेव्हा अळी संपली असे वाटले. पुढे गुलाबी अळीने त्या विषालाही दाद दिली नाही. २०१७ साली विदर्भात तिने कापसाचे अतोनात नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. पंप बहुधा मजुराच्याच पाठीवर असतो, हे इथे कोणाला सांगायला नको.

बोंडात बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून पतंगावर नजर ठेवायची. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाने नर येतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले, तर उपायाची वेळ झाली. आणि फरदड घेऊ नका. हंगामाच्या शेवटी ही अळी लगेच कोषात जात नाही, सरकीत महिनोन्‌महिने झोपून राहते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी, बांधावर रचून ठेवू नये.

ही चार हिरवी बोंडे मी सकाळी आणली आहेत. चारही बाहेरून निर्दोष दिसतात. विद्यार्थ्यांनी पुढे यावे. आपण ती एकेक करून चिरून पाहू; ब्लेड जपून धरा.