दहा मिनिटांचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘एका स्वस्त विमानकंपनीची हकीकत’ असा सांगितला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. कामगार-चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे बोनस, महागाईभत्ता आणि संप यांखेरीज दुसरे काय बोलणार, असे त्यांस वाटले असल्यास तो त्यांचा दोष नव्हे. विमानविद्येचा आम्हांला गंध नाही आणि कॉलेजचा उंबरठाही आम्ही कधी ओलांडलेला नाही. परंतु हा विषय आपण होऊन आमच्याकडे चालत आला, तो असा.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात वेतनकराराच्या वाटाघाटी चालू होत्या. दुपारचा चहा आला आणि समोर बसलेले व्यवस्थापक हसत हसत म्हणाले, “तुम्ही मंडळी काहीही म्हणा, परदेशात विमानाचे तिकीट बसच्या भाड्यावर आले ते तिथे युनियन नाहीत म्हणून. तुमच्यासारखे लोक तिथे असते, तर गरीब माणूस जन्मात विमानात बसला नसता.” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही चहा संपवला आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची बोच मात्र गेली नाही, आणि मग जे हाती लागेल ते वाचीत गेलो. आज आपल्यापुढे मांडतो आहोत ते त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

ही हकीकत अमेरिकेतील टेक्सास राज्यातली. टेक्सास म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा मुलूख. डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ ही त्यातली तीन मोठी शहरे, एकमेकांपासून तीन-चारशे किलोमीटरांवर. त्या काळी अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विमानांचे मार्ग आणि भाडी १९३८ साली स्थापन झालेले एक सरकारी मंडळ ठरवीत असे. नव्या कंपनीला आत शिरणे जवळजवळ अशक्यच. परंतु जे विमान एकाच राज्याच्या हद्दीत उडते, त्यावर या मंडळाची सत्ता चालत नसे. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक साउथवेस्ट या कंपनीने १९४९ पासून हीच फट धरून राज्यातल्या राज्यात स्वस्त विमाने चालविली होती. रोलिन किंग नावाचे उद्योजक आणि हर्ब केलेहर नावाचे वकील यांनी तोच कित्ता टेक्सासात गिरवायचे ठरविले आणि मार्च १९६७ मध्ये कंपनी नोंदविली. तीच पुढे साउथवेस्ट एअरलाइन्स या नावाने जगाला माहीत झाली.

कंपनी नोंदली गेली. विमान मात्र चार वर्षे उडाले नाही. राज्याने १९६८ साली परवानगी दिली, आणि लगेच तीन जुन्या कंपन्या न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयांत निकाल विरुद्ध गेले. १९७० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नव्या कंपनीच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या देशात एका स्पर्धकाला जमिनीवर खिळवून ठेवण्यासाठी इतके वकील झुंजले! शेवटी १८ जून १९७१ रोजी तीन बोइंग ७३७ विमाने घेऊन कंपनीने वाहतूक सुरू केली. तिकीट वीस डॉलर.

पहिली दोन वर्षे तोट्यात गेली. मध्यंतरी चौथे विमान आले होते. परंतु १९७२ साली पैशाची अशी ओढाताण झाली की, विमान विकावे की माणसे काढावीत, असा प्रश्न पुढे उभा राहिला. कंपनीने विमान विकले. आता चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांत कसे बसवायचे? जमिनीवरील कामाचे प्रमुख बिल फ्रँकलिन यांनी हिशेब मांडला. विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत फक्त दहा मिनिटे उभे राहील, तर तीन विमानांत चारांचे काम होईल. तेव्हाच्या विमानव्यवहारात ही गोष्ट कोणाला खरी वाटण्यासारखी नव्हती.

श्रोतेहो, हा हिशेब समजण्यास विमानतळावर जाण्याची गरज नाही; आपल्या एस.टी. स्टँडवर गेले तरी पुरे. गाडी फलाटावर उभी असते तेव्हा ती एक पैसा मिळवीत नाही. तिच्या कर्जाचे व्याज चालू, चालक-वाहकाचा पगार चालू, आणि उत्पन्न शून्य. गाडी कमावते ती रस्त्यावर, आणि विमान कमावते ते आकाशात. दर फेरीला अर्धा तास वाचला, तर दिवसाकाठी दोन-तीन फेऱ्या जास्त होतात, आणि त्याच खर्चात अधिक उतारू जातात. तिकीट स्वस्त होते ते इथे. बाकीच्या युक्त्या याच एका मुळाच्या फांद्या आहेत. सर्व विमाने एकाच जातीची, म्हणजे सुटे भाग एक आणि कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर चालतो. जेवणाची ताटे नाहीत, शेंगदाण्याची पुडी. म्हणजे साफसफाई थोडी. आसनाला क्रमांक नाही, जो आधी येईल तो हवे तिथे बसेल. शहराजवळचे जुने, कमी गर्दीचे विमानतळ, म्हणजे धावपट्टीसाठी वाट पाहणे नाही.

१९७३ साली एका जुन्या कंपनीने या नव्या कंपनीला बुडविण्यासाठी डॅलस-ह्यूस्टन मार्गाचे भाडे तेरा डॉलरांवर आणले. साउथवेस्टने उतारूंना सांगितले, तेरा द्या किंवा पूर्ण सव्वीस द्या. पूर्ण देईल त्याला मद्याची बाटली भेट. तिकीट कचेरीचे, बाटली स्वतःची! बहुतेकांनी सव्वीस दिले. त्याच वर्षी कंपनीला पहिला नफा झाला, आणि तेव्हापासून २०१९ पर्यंत सलग सत्तेचाळीस वर्षे एकही वर्ष तोट्याचे गेले नाही. १९७८ साली अमेरिकेने भाडी व मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण उठविले, आणि ही एका राज्याची कंपनी हळूहळू देशभर पसरली.

आता व्यवस्थापक महाशयांच्या चहाकडे वळू. ती दहा मिनिटे कोणी घडविली? कागदावर फ्रँकलिन यांनी. धावपट्टीच्या कडेला मात्र सामान ओढणाऱ्या, इंधन भरणाऱ्या आणि केर काढणाऱ्या माणसांनी. आणि ही माणसे बिनयुनियनची नव्हती. जमिनीवरील कामगार, हवाई सेविका, यंत्रज्ञ, तिकीट-खिडकीवरचे कर्मचारी, वैमानिक, सर्वांच्या संघटना या कंपनीत आहेत. दर दहा कर्मचाऱ्यांमागे आठांहून अधिक जण युनियनचे सभासद! अमेरिकेतील सर्वांत यशस्वी स्वस्त विमानकंपनी ही तिथल्या सर्वांत संघटित कंपन्यांपैकी एक आहे, ही साधी गोष्ट त्या दिवशी आम्हांला माहीत असती, तर चहा असा कडू लागला नसता.

परंतु सत्य अर्धे सांगू नये. या युनियननी करार करताना एक गोष्ट केली, ती आम्हां कार्यकर्त्यांना झोंबणारी आहे. ‘हे काम माझे, ते तुझे’ या रेषा त्यांनी फार घट्ट आखल्या नाहीत. वेळ पडली तर वैमानिकाने पेटी उचलावी, सेविकेने आसनांमधला कचरा गोळा करावा. अन्यत्र अशा कामावरून भांडणे होत. आम्ही स्वतः एकदा, यंत्राशेजारी सांडलेले तेल कोणी पुसायचे यावरून दीड दिवस काम बंद ठेवले आहे. तेव्हा तो विजय वाटला होता. आज वाटते, ती रेषा आम्ही हट्टाने राखली, कारण मालकावर आमचा विश्वास नव्हता. आज तेल पुसले तर उद्या पुसणाऱ्याला घरी पाठवतील, ही धास्ती होती. टेक्सासातल्या कामगाराला ती धास्ती कमी होती, कारण कंपनीने माणूस ठेवून विमान विकलेले त्याने पाहिले होते. नफा होऊ लागताच कंपनीने नफ्यात कामगारांचा वाटा ठरविला. १९९० नंतरच्या दशकात वैमानिकांनी दहा वर्षांचा करार करून पहिली पाच वर्षे पगारवाढ घेतली नाही, त्याबदली कंपनीच्या भागभांडवलात हक्क घेतला. केलेहर यांनीही स्वतःचा पगार तेवढाच काळ गोठविला. सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यानंतर इतर मोठ्या कंपन्यांनी हजारो माणसे काढली. या कंपनीने एकही काढला नाही.

म्हणून ही मंडळी संत होती असे कोणी समजू नये. आरंभीच्या वर्षांत या कंपनीने तोकड्या कपड्यांतील तरुण मुली हीच आपली जाहिरात केली होती, आणि सेविकेच्या जागी पुरुषास घेण्याचे ती नाकारीत असे. १९८१ साली संघीय न्यायालयाने ते बेकायदा ठरविले. स्वस्ताईचा एक भाग बायकांच्या अंगप्रदर्शनावर उभा होता, हेही हिशेबाच्या वहीत मांडले पाहिजे.

स्वस्ताईची दुसरी वाटही लोकांनी चालून पाहिली. त्याच टेक्सासात, ह्यूस्टनमध्ये, काँटिनेंटल या कंपनीचे मालक फ्रँक लोरेंझो यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, युनियनचे करार फाडले आणि निवडक कामगारांना सुमारे निम्म्या पगारावर परत घेतले. सात वर्षांनी, १९९० साली, ती कंपनी पुन्हा दिवाळखोरीत गेली. आयर्लंडमधील रायनएअरने साउथवेस्टचा कित्ता युरोपात गिरविला, फक्त युनियन तेवढ्या गाळल्या. कंपनी अफाट वाढली, तिकिटे खरोखरच स्वस्त झाली, हे नाकारता येत नाही. परंतु सप्टेंबर २०१७ मध्ये वैमानिकांच्या रजांचा घोळ झाला आणि हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. डिसेंबरात वैमानिकांनी संपाची हाक देताच तीस वर्षे न मानलेली युनियन मानावी लागली. युनियन आल्याने रायनएअर महागही झाली नाही आणि बुडालीही नाही.

आणि साउथवेस्ट? तिचीही परीक्षा झाली. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या जुळविणारी संगणक-यंत्रणा जुनाट झाली आहे, असे वैमानिकांची युनियन वर्षानुवर्षे सांगत होती. ऐकले गेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिमवादळ आले. इतर कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या. साउथवेस्टला मात्र आपले वैमानिक कोणत्या गावी आहेत हेच कळेना. कर्मचारी तासन्‌तास टेलिफोन धरून बसले. सुमारे १६,७०० उड्डाणे रद्द झाली आणि वीस लाखांहून अधिक उतारू अडकले. पुढल्या वर्षी सरकारने चौदा कोटी डॉलरांचा दंड ठोठावला. ज्या कानाने कंपनी पन्नास वर्षांपूर्वी सामान ओढणाऱ्याचे ऐकत होती, तो कान बंद झाल्याची ती किंमत. त्यानंतर भांडवलदारांच्या एका गुंतवणूक-संस्थेने समभाग घेऊन दबाव आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने आपल्या इतिहासात प्रथमच मोठी नोकरकपात जाहीर केली आणि कचेऱ्यांतील सुमारे १,७५० जण गेले. मे २०२५ पासून सामानाचे वेगळे पैसे आले, आणि जानेवारी २०२६ पासून आसनांना क्रमांकही आले. विमान विकून माणूस ठेवणारी ती कंपनी आता निराळ्या वाटेला लागली आहे.

हे सारे दूर देशीचे, असे म्हणून उठू नका. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या विमानतळांवर आपल्यापैकी कोणी पेटीवर बसून रात्र काढली असेल. वैमानिकांना आठवड्याला अठ्ठेचाळीस तास विश्रांती मिळावी आणि रात्रीची उतरणी कमी व्हावी, असे नियम सरकारने केले होते. देशातील सर्वांत मोठ्या स्वस्त कंपनीचे, इंडिगोचे, वेळापत्रक त्या विश्रांतीला जागा देऊ शकले नाही. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. मग काय केले? त्या कंपनीपुरती विश्रांतीच्या नियमांतच काही काळ सूट देण्यात आली. गोंधळ निस्तरला, आणि आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु ती सूट कोणाच्या झोपेतून काढली, हे किती जणांनी विचारले?

स्वस्ताईचे पाणी दोन विहिरींतून काढता येते. एक विहीर कामाच्या योजनेची: फुकट जाणारा वेळ वाचवावा, उभे राहिलेले यंत्र चालते करावे, भपका काढून टाकावा. दुसरी विहीर कामगाराच्या झोपेची आणि पोटाची. पाण्याची चव पहिल्या दिवशी सारखीच लागते. म्हणून तर उतारू फसतो. पहिल्या विहिरीला झरे आहेत. दुसरी उपसली की तळ लागतो, आणि तो नेमका सणासुदीच्या गर्दीत लागतो.

स्वस्त तिकीट हवे, हे आम्ही उघड म्हणतो. आमच्या युनियनमधला फिटर आपल्या आईला विमानाने काशीला नेतो, तेव्हा आमचा ऊर भरून येतो. ती स्वस्ताई कोणत्या विहिरीतली आहे, एवढे आपण उतारूंनी विचारावे. आणि तेल सांडले असता ते पुसण्याइतका विश्वास कामगाराला कसा देता येईल, हे मालकांनी आणि आम्ही युनियनवाल्यांनी मिळून पाहावे. ते व्यवस्थापक आता निवृत्त झाले आहेत. कधी भेटले तर या वेळी चहा आम्ही पाजू.