विमानतळावरची झडती आणि आपला मान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विमानाचा आवाज आपल्या मिरजोळ्याला नवा नाही. तटरक्षक दलाचा विमानतळ दाराशीच आहे. पण परदेशी असलेल्या मुलाकडे जावयाचे, नातवंडाचे तोंड पाहावयाचे, तर मुंबई किंवा गोव्यातील मोपा गाठावे लागते. सत्तरी उलटलेल्या कितीतरी आज्या आता तेथून जातात. त्यांच्या मनात धास्ती असते ती झडतीची.

माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांत धातूचे सांधे बसविले आहेत. तपासणीच्या चौकटीतून जाताच यंत्र वाजले आणि त्या चोरी पकडल्यासारख्या ओशाळल्या. मी पहाऱ्यावरच्या मुलीला सांध्यांची हकिकत सांगितली. तिने त्यांना पडद्याआड नेऊन हाताने तपासले व लगेच सोडले.

तपासणी नकोच, असे मी म्हणणार नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आपले विमान कंदाहारला पळवून नेले, ते आपण विसरलेलो नाही. पुढे २००० सालापासून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला. पहारा हवाच, पण त्यापायी माणसाचा मान जाऊ नये.

नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचू लागल्या. विमानतळावर मात्र दर खेपेस तो पाय काढून दाखवावा लागे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी हे दुःख उघडपणे पंतप्रधानांच्या कानी घातले, तेव्हा सुरक्षा दलाने जाहीर क्षमा मागितली. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की कृत्रिम अवयव काढावयास लावू नये आणि अपंग व्यक्तीला तिच्या संमतीवाचून उचलू नये.

आपल्याकडे 'कोणाला त्रास नको' म्हणून गप्प बसण्याची सवय फार. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांना व त्यांच्या पत्नीला मिळून चाकांची एकच खुर्ची मिळाली. पत्नीला बसवून ते स्वतः चालत निघाले, वाटेत कोसळले आणि गेले. विमान कंपनीला तीस लाखांचा दंड झाला. पण गेलेला माणूस काही परत येत नाही.

म्हणून भगिनींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगा. निदान अठ्ठेचाळीस तास आधी तरी कळवाच. हृदयाला पेसमेकर असेल तर त्याचे कार्ड हाताशी ठेवा, ते आधी दाखवा आणि हाताने तपासा म्हणून सांगा. बाईची झडती बाईच घेते. आडोसा हवा असल्यास निःसंकोच मागा. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असू द्या.

ज्यांना हे एकटीने जमणार नाही, त्यांच्यासाठी आपल्या मंडळाने एवढे करावे: प्रवासाआधी त्यांच्याजवळ बसून फोन लावून द्यावा, आणि दुखण्याची, सांध्यांची, औषधांची माहिती एका कागदावर लिहून द्यावी. एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.