आभासी चलन आणि कर्जव्यवहार : तारणाचा प्रश्न, ठेवींचा प्रश्न

(पतसंस्थांचे पदाधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी एका ग्रामीण पतसंस्थेचे संचालक मला भेटावयास आले होते. त्यांच्या एका सभासदाने बिटकॉइन हे आभासी चलन विकत घेऊन ठेवले होते आणि ते तारण ठेवून त्याला दुकानासाठी कर्ज हवे होते. संचालकांचा प्रश्न सरळ होता. "आम्ही सोन्यावर कर्ज देतो, मग यावर का देऊ नये? सोन्याचा कस पाहावा लागतो, तिजोरी लागते, विमा लागतो. याला तेही नको." त्या वेळी मी त्यांना जे उत्तर दिले ते घाईचे होते. "भाव फार चढउतार करतो, नादी लागू नका," एवढेच मी म्हणालो. पुढे या विषयाचे वाचन केल्यावर माझ्या ध्यानी आले की माझा सल्ला योग्य असला तरी त्याला दिलेले कारण अपुरे होते. ती उणीव आज भरून काढावी, या हेतूने मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रारंभी या वस्तूचा अल्प परिचय करून देतो. आपल्या गावी जमिनीच्या फेरफाराची नोंद तलाठ्याच्या दप्तरी असते. अशी कल्पना करा की त्या नोंदवहीची तंतोतंत प्रत हजारो लोकांच्या घरी आहे, नवी नोंद सर्व प्रतींत एकाच वेळी चढते आणि जुनी नोंद कोणालाही गुपचूप खोडता येत नाही. २००९ साली सुरू झालेले बिटकॉइन म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरील अशाच सामाईक वहीतील नोंद होय. तिच्यामागे कोणत्याही सरकारची वा मध्यवर्ती बँकेची हमी नाही. लोक जो भाव देतील तोच तिचा भाव.

आता मूळ हकिकतीकडे वळतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील ला होया येथे सिल्व्हरगेट या नावाची एक संस्था होती. १९८८ साली तिचा आरंभ कर्जे देणारी एक लहान संस्था म्हणून झाला आणि पुढे तिचे रीतसर बँकेत रूपांतर झाले. घरे व इमारती यांवर कर्जे द्यावीत, ठेवी गोळा कराव्यात, असा तिचा साधा व्यवहार होता. २०१३ च्या सुमारास तिच्या चालकांच्या लक्षात आले की आभासी चलनाची खरेदी-विक्री करणाऱ्या नव्या कंपन्यांना मोठ्या बँका दारात उभ्या करीत नाहीत. पैसा तर त्यांच्याकडे होता, परंतु तो ठेवावयास जागा नव्हती. सिल्व्हरगेटने ती जागा दिली.

या निर्णयापासून झालेला लाभ लहान नव्हता. पतसंस्था चालविणारा कोणीही मनुष्य जाणतो की कर्जव्यवसायाचा कच्चा माल म्हणजे ठेवी, आणि त्यांवरील व्याज हाच मोठा खर्च. या नव्या ग्राहकांना व्याज नकोच होते. त्यांना हवी होती ती रात्री-अपरात्री, रविवारी आणि सणाच्या दिवशीही एकमेकांना डॉलर पोचते करण्याची सोय. बँकेने २०१७ च्या सुमारास तसे जाळे उभारले आणि बिनव्याजी ठेवींचा ओघ सुरू झाला. २०१९ अखेर सुमारे १८० कोटी डॉलर असलेल्या एकूण ठेवी २०२१ अखेर सुमारे १,४३० कोटी डॉलरवर गेल्या. २०१९ मध्ये १२ डॉलरला विक्रीस काढलेला तिचा भाग दोन वर्षांत २०० डॉलरच्या वर गेला. अशा वेळी शंका काढणाऱ्या संचालकाला सभेत कोणी बोलू दिले असते, असे मला वाटत नाही.

याच काळात बँकेने बिटकॉइन तारण घेऊन डॉलरमध्ये कर्जे देण्यास आरंभ केला. आमच्या संचालकांचा प्रश्न नेमका हाच असल्याने येथे थोडे थांबू. मार्च २०२२ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीच्या एका उपकंपनीला बँकेने २० कोटी ५० लाख डॉलर कर्ज दिले. त्यापोटी सुमारे ८२ कोटी डॉलर किमतीची बिटकॉइन तारण घेतली, म्हणजे कर्जाच्या चौपट. आपल्याकडे कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत गोदामातील सोयाबीन वा तुरीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. येथे ते २५ टक्केच होते. तारण नासत नाही, त्याला कीड लागत नाही, त्याची मोजणी क्षणात होते आणि गिऱ्हाईक मध्यरात्रीही असते. या सोयी खऱ्या आहेत आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेला बिटकॉइनचा भाव वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला. तारणाची किंमत एवढी कोसळल्यावर कर्जे बुडाली असतील, असा आपला तर्क होईल. माझाही तोच होता. प्रत्यक्षात या तारणी कर्जांत २०२२ साली बँकेला एका पैचाही तोटा झाला नाही. भाव उतरला तशी मायक्रोस्ट्रॅटेजीने आणखी नाणी तारण ठेवली. जे तारण आपल्याला सर्वांत धोक्याचे वाटते, ते तेथे टिकले.

तरीही ती बँक बुडाली, कारण घाव ठेवींवर बसला.

ते कसे, हे सांगण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेतो. एखाद्या तालुक्यातील पतसंस्थेने केवळ कांदा व्यापाऱ्यांच्याच ठेवी घेतल्या आहेत असे समजा. हंगामात तिजोरी ओसंडून वाहील आणि वार्षिक सभेत पेढे वाटले जातील. परंतु ज्या दिवशी कांदा कोसळेल त्या दिवशी सर्वच व्यापारी एकाच रांगेत उभे राहतील, कारण त्या सर्वांची गरज एकाच वेळी निर्माण होईल. ठेवीदार हजार असले तरी त्यांचे दैव एक असेल, तर संस्थेच्या दृष्टीने तो एकच ठेवीदार होय. सिल्व्हरगेटच्या बाबतीत हेच घडले. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी एफटीएक्स नावाच्या मोठ्या आभासी चलन बाजाराने दिवाळखोरीचा अर्ज केला. एफटीएक्स हीही या बँकेची ग्राहक होती. धंद्यातील सर्वांनाच घबराट सुटली. सप्टेंबर अखेर या वर्गाच्या ठेवी १,१९० कोटी डॉलर होत्या, त्या डिसेंबर अखेर ३८० कोटींवर आल्या. तीन महिन्यांत दोन तृतीयांशाहून अधिक रक्कम परत द्यावी लागली.

ती रक्कम आणावयाची कोठून? बिनव्याजी ठेवींतील मोठा भाग बँकेने दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतविला होता. रोखे सुरक्षित होते, पण अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०२२ साली व्याजदर झपाट्याने वाढविल्यामुळे जुन्या रोख्यांचा बाजारभाव उतरला होता. मुदतीपर्यंत थांबता आले असते तर पूर्ण रक्कम हाती आली असती. थांबण्यास ठेवीदार तयार नव्हते. बँकेने सुमारे ५२० कोटी डॉलरचे रोखे विकले व त्यात ७० कोटींहून अधिक तोटा सोसला. त्यातच, डिएम या चलनप्रकल्पाची मालमत्ता जानेवारी २०२२ मध्ये सुमारे १८ कोटी डॉलरला घेतली होती, तीही निकामी ठरवून खर्ची टाकावी लागली. त्या एका तिमाहीचा तोटा सुमारे १०० कोटी डॉलर झाला. ८ मार्च २०२३ रोजी बँकेने व्यवहार गुंडाळून सर्व ठेवी परत करण्याचे जाहीर केले.

तारणी कर्जाचे काय झाले तेही ऐका. बँक बंद होत असल्याने तिला रोख रकमेची निकड होती. मायक्रोस्ट्रॅटेजीच्या उपकंपनीने २० कोटी ५० लाखांचे ते कर्ज मार्च २०२३ मध्ये सुमारे १६ कोटी १० लाख डॉलर भरून मिटविले. तारण उत्तम होते, ऋणको समर्थ होता, आणि सूट देण्याची पाळी धनकोवर आली.

आणखी एक खर्च ताळेबंदात उशिरा दिसला. अहोरात्र चालणाऱ्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा त्या वेगास पुरी पडली नव्हती. त्याबद्दल जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ४ कोटी ३० लाख आणि कॅलिफोर्नियाच्या नियामकाने २ कोटी डॉलर दंड ठोठावला. नवा ग्राहकवर्ग स्वीकारणे म्हणजे त्याच्यावर देखरेख करणारी माणसे व साधने नेमणे होय, हा भाग नफ्याच्या अंदाजपत्रकात सहसा नसतो.

सिल्व्हरगेटच्या ठेवीदारांना निदान पैसे तरी मिळाले. बँकेवर कायद्याचा अंकुश होता आणि रोखे हाताशी होते. सेल्सियस नेटवर्क या दुसऱ्या कंपनीजवळ यांपैकी काही नव्हते. तिने लोकांकडून डॉलर न घेता आभासी नाणीच घेतली, दरसाल १७-१८ टक्क्यांपर्यंत परताव्याचे आमिष दाखविले आणि ती नाणी इतरांना कर्जाऊ दिली. १२ जून २०२२ रोजी तिने पैसे काढणे बंद केले आणि महिनाभरात दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की व्याजाच्या सुमारे सहा लाख खात्यांतील, ४२० कोटी डॉलर किमतीची नाणी ग्राहकांची नसून कंपनीचीच आहेत. ग्राहकांनी न वाचता मान्य केलेल्या अटींत तसे लिहिले होते. शिवाय त्यांचे येणे जुलै २०२२ च्या भावाने, म्हणजे एका बिटकॉइनला सुमारे २० हजार डॉलर या दराने ठरविले गेले. २०२४ च्या आरंभी वाटप सुरू झाले तेव्हा बाजारभाव ४० हजारांच्या वर होता. कंपनीचे संस्थापक अ‍ॅलेक्स मशिन्स्की यांना मे २०२५ मध्ये बारा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

आपल्या देशातील स्थिती थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत आले. कर लागला म्हणजे सरकारने हमी दिली, असा समज काही ठिकाणी दिसतो; शिक्षकबंधूंनी तो आवर्जून दूर करावा.

आता त्या संचालकांकडे परत जातो. त्यांची पुन्हा भेट झाली तेव्हा मी भावाचा विषय काढलाच नाही. पतसंस्थेच्या उपविधींत हे तारण बसते काय, हे आधी विचारले. ते बसत नव्हते. मग विचारले, "तुमच्या ठेवी कोणाच्या?" ते म्हणाले, "निवृत्त शिक्षकांच्या, दूधवाल्यांच्या, बचतगटांच्या." बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हे त्यांना ठाऊक होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. त्या सभासदाच्या घरी आईचे दागिने होते. दुकानाचे कर्ज अखेर त्यांवर मंजूर झाले आणि बिटकॉइन ज्याचे त्याच्याजवळ राहिले.