नोंदवहीबाहेरचा पुरुष

निजामाच्या हैदराबाद संस्थानात 1919 साली एक कायदा झाला. तृतीयपंथीयांची नावे सरकारी नोंदवहीत चढवावीत आणि त्यांपैकी कोणी स्त्रीवेषात रस्त्यावर दिसल्यास वॉरंटावाचून अटक करावी, अशी त्यात तरतूद होती. 2023 च्या जुलैत तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. नोंदवही मिटली, नाव उघडे पडण्याचे भय मात्र मिटले नाही. त्या भयाने तृतीयपंथी स्त्रियांशी नाते असलेला पुरुषही ग्रासलेला असतो.

हा पुरुष चारचौघांसारखाच असतो. पुष्कळदा घरी पत्नी असते, मुले असतात. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी सरकारने जे गट पाडले आहेत, त्यांत तृतीयपंथी आहेत, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष आहेत, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूरही आहेत. परंतु यांपैकी कोणत्याच गटात तो स्वतःला बसवीत नाही. सावधगिरीचा उपदेश त्याच्या कानी पडतो, पण तो दुसऱ्या कुणासाठी आहे असे त्याला वाटते. तपासणीस गेल्यास नात्याचा उलगडा करावा लागेल, म्हणून तो जातच नाही. अशा मौनातूनच रोग दोन घरांत शिरतो.

हैदराबादेतच 2021 च्या जानेवारीत 'मित्र' नावाचा दवाखाना निघाला. तो तृतीयपंथीयांसाठी होता आणि तृतीयपंथीच तो चालवीत. 2025 साली अमेरिकेची मदत थांबताच तो बंद पडला. पुढे त्याच वर्षी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने 'सबरंग' या नावाने पुन्हा उघडला. जेथे स्त्रीला मान खाली घालावी लागत नाही, तेथे ती आपल्या माणसालाही घेऊन येऊ शकते, हे अशा दवाखान्यांचे खरे मोल होय.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक वेळी निरोध वापरावा. सरकारी केंद्रात तपासणी विनामूल्य होते. संमतीवाचून तपासणी करण्यास आणि तिचा निष्कर्ष इतरांस सांगण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. धोका घडून गेला असल्यास 72 तासांच्या आत औषध सुरू करावे लागते. 2004 पासून सरकारी उपचारही मोफत आहेत. ते नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके घटले व तसेच राहिले, तर संबंधातून जोडीदारास लागण होत नाही. 1097 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

नात्याला समाज काय नाव देईल, हा प्रश्न नंतरचा. ते नाव न विचारणारे दार त्या पुरुषाला आधी दिसले पाहिजे.