घर शोधणारा तांडा : एका दूरचित्रवाणी-मालिकेचे दोन अवतार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर किंवा मराठी रंगभूमीवर बोलावयाचे सोडून हा गृहस्थ एका अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेवर बोलावयास का उभा राहिला, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने देशाचा बराच भाग पाहिला. ज्याला दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचलावे लागते, त्याला घरापासून दूर निघालेल्या माणसांची कथा आपली वाटते. मग ती कोणत्या भाषेतली का असेना. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही अशीच एक कथा आहे. ती १९७८ साली एकदा सांगितली गेली व २००३ साली पुन्हा. या दोन सांगण्यांत जे बदलले आणि जे टिकले, त्याचा आपल्या मंडळातील एका जुन्या वादाशी निकटचा संबंध आहे. त्या वादाकडे मी शेवटी येईन. आधी कथा सांगतो.

मूळ मालिका १७ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील एबीसी या वाहिनीवर सुरू झाली. ग्लेन लार्सन हे तिचे जनक. आदल्याच वर्षी 'स्टार वॉर्स' या चित्रपटाने लोकांना अंतराळातील लढायांचे वेड लावले होते. ही मालिका त्याच लाटेवर आली. इतकी की 'स्टार वॉर्स'च्या चित्रसंस्थेने अनुकरणाचा दावा गुदरला. कथा थोडक्यात अशी : विश्वाच्या एका दूरच्या कोपऱ्यात मानवांच्या बारा वसाहती आहेत. त्यांची नावे बारा राशींवरून घेतलेली. 'कॅप्रिका' म्हणजे आपली मकर रास. सायलॉन नामक यंत्रमानवांशी त्यांचे हजार वर्षे युद्ध चालले आहे. अखेर तह ठरतो, आणि तहाच्याच दिवशी विश्वासघात होऊन बाराही वसाहती बेचिराख होतात. 'गॅलॅक्टिका' ही युद्धनौका तेवढी निसटते. तिचा वयोवृद्ध सेनापती अडामा हाती लागतील ती प्रवासी व मालवाहू जहाजे गोळा करतो आणि हा तांडा घेऊन निघतो. कोठे? तर जुन्या ग्रंथांत जिचा उल्लेख आहे पण जी कोणी पाहिलेली नाही, त्या तेराव्या वसाहतीच्या शोधात. त्या वसाहतीचे नाव पृथ्वी.

योगायोग पाहा. त्या रात्री पहिल्या भागाचे प्रक्षेपण मध्येच थांबवून इजिप्त व इस्रायल यांच्यातील कॅम्प डेव्हिड कराराची घोषणा दाखवण्यात आली. पडद्यावर तह मोडत होता आणि प्रत्यक्षात तो होत होता!

ही जुनी मालिका मी विद्यार्थिदशेत, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटींवर पाहिली. आज ती पाहताना तिचे भाबडेपण लपत नाही. सज्जन सर्वस्वी सज्जन, दुर्जन सर्वस्वी दुर्जन. जगबुडी होऊन आठवडा लोटत नाही तोच मंडळी जुगाराच्या टेबलाशी हसतखेळत बसलेली. तरीही एक गोष्ट मनाला भिडते. अडामाच्या भूमिकेतील लॉर्न ग्रीन या नटाच्या चेहऱ्यावर घरातील कर्त्या पुरुषाचे ओझे दिसते. पाठीमागे काही उरलेले नाही, पुढे काय आहे ते ठाऊक नाही, आणि मागून येणाऱ्यांना धीर तर द्यावयाचा आहे! मालिका १९७९ साली एका हंगामातच बंद पडली. पुढे १९८० मध्ये तिचा उत्तरभाग निघाला. त्यात तांडा आजच्या पृथ्वीवर येऊन पोचतो. तो उत्तरभाग दहा भागांत आटोपला. घर सापडले आणि कथेतील प्राण गेला. शोध हाच तिचा प्राण होता.

यानंतर जवळजवळ पाव शतकाने, डिसेंबर २००३ मध्ये, 'स्टार ट्रेक' मालिकांच्या लेखनात मुरलेले रोनाल्ड मूर यांनी हीच कथा नव्याने मांडली. प्रथम दोन भागांची लघुमालिका आली, आणि तिच्यापाठोपाठ २००४ ते २००९ या काळात चार हंगामांची मालिका. सांगाडा तोच : बारा वसाहती, संहार, एक म्हातारी युद्धनौका आणि पृथ्वीचा शोध. परंतु मूर यांनी दोन बदल केले आणि कथेचा अर्थच पालटला.

पहिला बदल शत्रूविषयीचा. जुन्या मालिकेत सायलॉन ही परक्या जीवांची निर्मिती होती. नव्या मालिकेत ती माणसाचीच निर्मिती आहे. माणसाने राबवून घेण्यासाठी यंत्रे घडविली, ती उलटली, आणि चाळीस वर्षे दृष्टीआड राहून परत आली ती आपल्या निर्मात्याचा संहार करावयास. भस्मासुराची कथा ज्यांना बाळपणी ऐकविली गेली, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. परंतु बंगळूरात बसून हे पाहताना अंगावर काटा येतो. यंत्रांना विचार करावयास शिकविण्याच्या उद्योगात आपलीच कितीतरी मुलेमुली याच शहरात गुंतलेली आहेत. त्यांनी तो उद्योग करू नये, असे मी म्हणणार नाही. मात्र आपण जे घडवितो त्याचे उत्तरदायित्व आपल्याकडेच राहते, हे ती मालिका ज्या ताकदीने सांगते त्या ताकदीने सांगणारी व्याख्याने मी फारशी ऐकलेली नाहीत.

दुसरा बदल अधिक अस्वस्थ करणारा आहे. नवे सायलॉन हुबेहूब माणसासारखे दिसतात. तांड्यातील एका तरुण वैमानिक मुलीला आपण स्वतः सायलॉन आहोत हेच ठाऊक नसते. मग 'आपले' कोण आणि 'परके' कोण? भीतीपोटी आपण कोणाकोणास कोठडीत टाकणार, कोणाचा छळ करणार? ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेत हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नव्हता. मार्च २००९ मध्ये, मालिका संपावयाच्या सुमारास, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात मानवी हक्क व दहशतवाद या विषयांवर तिच्या निमित्ताने परिसंवाद झाला. करमणुकीच्या कार्यक्रमाला असा मान क्वचितच मिळतो.

मराठी श्रोत्यास आणखी एक गोष्ट चकित करील. या मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्राचे शब्द गायिले आहेत. संगीतकार रिचर्ड गिब्ज. मुंजीत बटूच्या कानात सांगावयाचा मंत्र अंतराळातील निर्वासितांच्या तांड्यापर्यंत पोचला! कोणी याला विटंबना म्हणेल. मला तसे वाटले नाही. अंधारात चाललेली माणसे प्रकाशासाठी प्रार्थना करीत असतील, तर तिला त्याहून योग्य स्थान कोणते?

आता माझ्या आवडीच्या प्रसंगाकडे वळतो. मालिकेच्या पहिल्याच भागात सायलॉन दर तेहेतीस मिनिटांनी तांड्यावर चालून येतात. पाच दिवस कोणाच्या डोळ्यास डोळा लागलेला नाही. राष्ट्राध्यक्षपदी लॉरा रॉझलिन नावाच्या बाई आहेत. मूळच्या शिक्षिका, पुढे शिक्षणमंत्री. वारसाक्रमात त्या त्रेचाळिसाव्या. वरचे सर्व मारले गेले म्हणून अध्यक्ष झाल्या. त्यांच्या कचेरीत एक पांढरा फळा आहे आणि त्यावर वाचलेल्या माणसांची संख्या लिहिलेली आहे. प्रत्येक हल्ल्यागणिक ती घटते. भागाच्या अखेरीस वार्ता येते की एका जहाजावर मूल जन्मले. बाई उठतात, आकडा पुसतात आणि एकाची भर घालून लिहितात : ४७,९७३. सारी हयात आकड्यांच्या तक्त्यांवर सह्या करण्यात घालविलेल्या माझ्यासारख्याला त्या एका आकड्याने जेवढे हलविले, तेवढे पुष्कळ करुण नाटकांनीही हलविलेले नाही.

शेवटाविषयी मतभेद आहेत. तांडा प्रथम ज्या पृथ्वीवर पोचतो ती अणुसंहाराने होरपळलेली असते. दुसरी, म्हणजे आपली पृथ्वी, सापडते ती दीड लक्ष वर्षांपूर्वीची. आणि तेथे उतरताना ही मंडळी आपली सर्व जहाजे सूर्यात लोटून देतात. इतक्या कष्टाने राखलेले ज्ञान असे टाकून द्यावे, हे मला पटत नाही. परंतु त्याच शेवटात एक खूण आहे, ती पटते. आजच्या मानवजातीची आदिमाता म्हणून जी बालिका दाखविली आहे, तिचा पिता मानव आणि माता सायलॉन. ज्याला आपण परके मानले त्याच्याशी नाते जुळल्यावाचून नवे घर उभे राहिले नाही.

आता तो वाद. गणेशोत्सवातील नाटकाचा विषय निघाला की मंडळात दोन तट पडतात. ज्येष्ठांना जुनी नाटके जशीच्या तशी हवी असतात. तरुण म्हणतात, नाटक तेच घेऊ, पण घर मल्लेश्वरममधले दाखवू, सून कन्नड बोलेल आणि नायकाच्या जागी नायिका येईल. 'हे मराठी नाटक राहील काय?' असा प्रश्न मग विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने केव्हाच दिलेले आहे. नाथांनी वाल्मीकींची कथा आपल्या काळाच्या मराठीत आणली. ते भावार्थरामायण अपुरे राहिले असता शिष्य गावबाने पूर्ण केले. मोरोपंतांनी तर एकच रामकथा एकशेआठ तऱ्हांनी सांगितली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' घरोघर गेले, तेव्हा रामकथा नवी नव्हती. तरी तिने लोकांस नव्याने रडविले. आणि आपली रंगभूमी? कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला, तो पाहून सांगलीच्या अधिपतींनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसे करावयास सांगितले, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभे राहिले. मराठी नाटकाच्या पाळण्याची एक दोरी कानडी हातांत होती, हे बंगळूरच्या मराठी माणसाने तरी विसरू नये.

गॅलॅक्टिकेच्या दोन जुन्या नटांची हकीकत सांगून आटोपतो. जुन्या मालिकेतील स्टारबक हा बेधडक वैमानिक डर्क बेनेडिक्ट यांनी रंगविला होता. नव्या मालिकेत स्टारबक स्त्री झाली, तेव्हा त्यांनी लेख लिहून कडक टीका केली. दुसरे रिचर्ड हॅच, जुन्या मालिकेत अडामाच्या मुलाचे काम करणारे. जुनीच कथा पुढे चालू राहावी म्हणून ते अनेक वर्षे खटपट करीत होते. पदरमोड करून त्यांनी तिचे नमुनाचित्रण केले, कादंबऱ्या लिहिल्या. नव्या मालिकेने त्यांच्या त्या स्वप्नावर पाणी फिरविले. पण तिने बोलाविले, तेव्हा हॅच गेले. आणि टॉम झारेक या बंडखोर राजकारण्याची भूमिका त्यांनी अशी केली की नव्या मालिकेतील स्मरणीय पात्रांत तिची गणना होते. आपली जुनी भूमिका त्यांनी नव्या नटाच्या हाती सोपविली आणि स्वतःसाठी नवी स्वीकारली.

ज्येष्ठ सभासदांना माझी नम्र विनंती एवढीच. यंदाचे नाटक तरुणांना त्यांच्या रीतीने बसवू द्या, आणि त्यात एखादी भूमिका मागून घ्या. तरुणांनाही सांगणे आहे. जुनी युद्धनौका टाकाऊ म्हणून संग्रहालयात जावयाची होती. तिची यंत्रे एकमेकांस जोडलेली नव्हती, म्हणूनच शत्रूस तिच्यात शिरता आले नाही आणि तिने साऱ्यांना वाचविले. तेव्हा जुनी संहिता बदलण्यापूर्वी ती एकदा संपूर्ण वाचा. घरापासून दूर असलेल्यांनी काय राखावे याचे उत्तर प्रत्येक पिढीस नव्याने शोधावे लागते. पण ते एकत्र बसून शोधावे, एवढ्यासाठीच पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ निघाले.