चेहरा माझा, आवाज तिचा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्या विषयावर आता तुमची मुलंच मला चार गोष्टी शिकवतील, म्हणून मी विषय बदलून मागून घेतला. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण वेड एकच राहिलं, संगीत नाटकाचं. त्यात कुणाला कुठली भूमिका देतात आणि पुढे त्याचा सिनेमा केला की काय होतं, यावर माझी काही मतं आहेत. ती ऐकून घ्या. मग एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. संगीत अभिषेकीबुवांचं. खाँसाहेब म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे आणि त्यांची मुलगी झरीना म्हणजे आपल्या सोलापूरच्या फैयाज. (हे शेवटचं मी पुण्यात ऑफिसमध्ये इतक्या वेळा सांगितलंय, की आता मी तोंड उघडलं की लोक चहाला उठतात.) त्या नाटकात नट वेगळा आणि गाणारा वेगळा असा प्रकारच नव्हता. खाँसाहेब चिडले की ती चीड त्याच गळ्यातून तानेत उतरायची. दम लागला तर तोही खाँसाहेबांनाच लागायचा.

२०१५ साली सुबोध भावे यांनी त्याचा सिनेमा केला. खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर आणि त्यांच्यासाठी गायले राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचे नातू. स्वतः सुबोध भावे सदाशिव झाले, त्यांचा आवाज महेश काळे यांचा. त्या गाण्यासाठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी सिनेमा दोनदा पाहिला, दोन्ही वेळा रडले, म्हणजे मला आवडला नाही असं कुणी समजू नये. पण राहुल देशपांडे आणि महेश काळे यांनी नव्या संचात हेच नाटक रंगमंचावर केलं होतं, तिथे भूमिकाही त्यांच्या होत्या आणि गाणंही त्यांचंच. सिनेमात ते दोघे फक्त ऐकू येतात. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन यांना घेतलं. ते काही नट नव्हेत, पण ते गातात तेव्हा मानेची शीर खरी ताणली जाते. माझ्या मते त्या सिनेमातली सगळ्यात धाडसी निवड तीच.

हे काही फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ‘माय फेअर लेडी’ रंगभूमीवर गाजवली ज्युली अँड्र्यूज यांनी. १९६४ साली सिनेमा निघाला तेव्हा ती भूमिका ऑड्री हेपबर्न यांना मिळाली आणि बहुतेक गाणी गायल्या मार्नी निक्सन. श्रेयनामावलीत त्यांचं नावही नव्हतं. मूळ कथा तीच, जिच्यावरून पु. लं.नी ‘ती फुलराणी’ लिहिलं.

आपल्याकडे त्याआधीची एक गाठ आहे. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, त्यांच्याबद्दल मी काय बोलावं! पण पुरुषांना लुगडं नेसावं लागलं, कारण घरंदाज बायका रंगभूमीवर येत नव्हत्या. आणि ज्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या गाता येत होतं त्यांना घरंदाज नाटकात जागा नव्हती. पुण्यामुंबईच्या लोकांना हे पुस्तकात वाचावं लागतं. आपण मोडनिंबची माणसं. संध्याकाळी थिएटरातली ढोलकी आपल्याला अंगणात ऐकू यायची आणि खिडकी लावून घे, असंही आपल्याला घरातूनच सांगितलं जायचं.

आता ती जुनी गोष्ट.

नववीच्या गॅदरिंगला आपण ‘सौभद्र’मधला एक प्रवेश केला होता. सुभद्रा मी होते, हे तुम्हाला आठवत असेल. पद कुणी म्हटलं, ते फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई आणि मावशी थिएटरात होत्या. तालमीच्या पहिल्या दिवशी सुभद्रा तीच होती. एकदा ऐकलेली चाल दुसऱ्यांदा तिच्या गळ्यातून हलत नसे. तीन दिवसांनी भूमिका माझ्याकडे आली. ‘त्यांची पोरगी सुभद्रा आणि आमच्या पोरी तिच्या सख्या?’ असा निरोप गेला होता. तो कुणाच्या घरून गेला, हे इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरून गेला. आई बोलली आणि मी शेजारी उभी होते. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला आनंद झाला होता.

पण मला गाता येत नव्हतं. मग तोडगा निघाला. विंगेत पेटीशेजारी तिला उभं केलं, माईक तिच्या हातात दिला आणि पुढे मी नऊवारी नेसून नुसते ओठ हलवले. टाळ्या पडल्या. उत्कृष्ट अभिनयाचा स्टीलचा पेला मला मिळाला. तो अजून आमच्या देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहे. आमच्या धंद्यात लोकांना स्क्रीन दिसते, मागे सगळं काम करणारा सर्व्हर कुणाला दिसत नाही. नव्या मुलांना हे समजावताना मला दर वेळी ती विंग आठवते.

दहावीनंतर तिचा पत्ता नव्हता. यंदा या मेळाव्यासाठी फोन नंबर गोळा करताना ती सापडली. मी फोनवर बरीच प्रस्तावना केली. माफी मागायची होती, ती वळणं घेत घेत मागितली. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “तुझं एका जागी चुकलं होतं बघ. माझी तान संपली तरी तुझं तोंड उघडंच होतं. मला विंगेतून दिसत होतं.”

मी विचारलं, हे भाषणात सांगू का? म्हणाली, “सांग. नाव घेऊ नको, माझ्या पोरांची लग्नं व्हायचीत.” म्हणून नाव घेतलेलं नाही. माफी केली का, हे तिने सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

ती आज इथे बसली आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमात एक पद ठेवलंय, पत्रिकेवर फक्त ‘नाट्यगीत’ असं छापलंय. पेटीवर आपले सर आहेत. माईक स्टेजच्या मधोमध लावायला सांगितलाय आणि विंगेत पडद्याच्या दोरीपाशी मी उभी असेन. साडेसहाला सुरू होईल, जेवायच्या आधी. उशीर करू नका.